परतीचा हिशेब : ड्रोनची बॅटरी लवकर का संपते, याचा १८८४ पासूनचा इतिहास

१/
९ ऑगस्ट १८८४. पॅरिसजवळच्या शाले-म्यूदाँ येथील लष्करी मैदानावरून ‘ला फ्रान्स’ नावाची सुमारे पन्नास मीटर लांबीची वायुनौका वर उचलली गेली. तीत फ्रेंच सैन्यातील दोन अधिकारी होते : शार्ल रनार आणि आर्तूर क्रेब्स. हवा शांत होती. वायुनौकेने सुमारे ८ किलोमीटरचा फेरा घेतला आणि ती जिथून निघाली होती तिथेच परत उतरली. एकूण वेळ : २३ मिनिटे. पंखा फिरवणारी शक्ती : बॅटरी.

२/
आज साधारण किमतीचा कॅमेरा-ड्रोन विकत घेतला, तर त्याच्या खोक्यावर पंचवीस ते तीस मिनिटांचा आकडा छापलेला असतो. प्रत्यक्ष मैदानावर त्यातली अठरा-वीस मिनिटे हाती लागतात; वर्षभराने बारा-पंधरा. ‘ड्रोन बिघडला का?’ हा प्रश्न तिथे उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर निम्मे रसायनशास्त्रात आहे आणि निम्मे इतिहासात. एकशे चाळीस वर्षांत बॅटरी कितीतरी पटींनी सुधारली. मग उड्डाणाचा काळ तेवीस मिनिटांच्याच आसपास का घुटमळतो?

३/
मुळापासून पाहू. रनार-क्रेब्स यांच्या आधी बत्तीस वर्षे, २४ सप्टेंबर १८५२ रोजी, आंरी जिफार याने वाफेच्या इंजिनावर चालणारी वायुनौका पॅरिसहून उडवली होती. इंजिन तीन अश्वशक्तीचे. तो सुमारे २७ किलोमीटर दूर त्राप येथे सुखरूप उतरला. शक्तीवर चालणारे, दिशा देता येणारे हे पहिले मानवी उड्डाण. पण एक गोष्ट त्याला साधली नाही. समोरच्या वाऱ्याला तोंड देऊन त्याला पॅरिसला परतता आले नाही. जाणे जमले होते, येणे राहिले होते.

४/
वाफेच्या इंजिनाचा दुसरा दोष अधिक भीतिदायक होता. वर हायड्रोजनने भरलेली पिशवी आणि खाली पेटती भट्टी. शिवाय कोळसा जळत जाई, पाणी आटत जाई, तसे वायुनौकेचे वजन घटे आणि तिचा समतोल सारखा सांभाळावा लागे. विजेची मोटर या दोन्ही अडचणींवरचा उपाय वाटली. तिला ज्वाला नको होती, आणि बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहत होते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. वायुनौकेसाठी जो गुण ठरला, तोच पुढे ड्रोनच्या मुळावर आला.

५/
हा विचार कृतीत आणणारे पहिले म्हणजे गास्तों आणि आल्बेर तिसांदिए हे बंधू. गास्तों हा जिद्दीचा वैमानिक. १८७० मध्ये प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला असताना तो बलूनमधून निसटला होता; १८७५ मध्ये ‘झेनिथ’ बलूनच्या अतिउंच उड्डाणात त्याचे दोन्ही सहकारी प्राणवायूअभावी मरण पावले, तो वाचला, पण त्याची श्रवणशक्ती गेली. ८ ऑक्टोबर १८८३ रोजी या बंधूंनी विजेवर चालणारे पहिले उड्डाण केले. मोटर सीमेन्सची, दीड अश्वशक्तीची. बॅटरी पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रवाची. मंद वाऱ्यासमोर वायुनौका कशीबशी टिकून राहिली, इतकेच.

६/
रनारने पुढच्याच वर्षी बॅटरीकडेच मुख्य लक्ष दिले. जस्तावर आधारलेले हलके घट त्याने याच कामासाठी स्वतः तयार केले. त्यांचे एकत्रित वजन ४३५ किलो होते. नौकेतील दोन्ही माणसांच्या वजनाहून कितीतरी अधिक. मोटर साडेआठ अश्वशक्तीची. या साऱ्याचे फळ म्हणजे ते २३ मिनिटांचे उड्डाण. १८८४ आणि १८८५ या दोन वर्षांत ‘ला फ्रान्स’ सात वेळा उडाली आणि त्यांपैकी पाच वेळा निघाल्या जागी परतली. जिफारला जे जमले नव्हते ते बॅटरीने करून दाखवले.

७/
इथे थोडे गणित करू. साडेआठ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ६.३ किलोवॉट. मोटर २३ मिनिटे पूर्ण जोराने चालली असे धरले, तरी खर्च झालेली ऊर्जा सुमारे २.४ किलोवॉट-तास. ती ४३५ किलोंवर वाटली, तर बॅटरीच्या दर किलोमागे साडेपाच वॉट-तास पडतात. आजच्या ड्रोनमधील लिथियम बॅटरी दर किलोमागे साधारण १५० ते २५० वॉट-तास साठवते. म्हणजे फरक तीस-चाळीस पटींचा. उड्डाणाचा काळ मात्र जवळपास तेवढाच.

८/
याचे कारण असे की ‘ला फ्रान्स’ला हवेत धरून ठेवण्याचे काम बॅटरी करीत नव्हती. ते काम हायड्रोजन फुकट करीत होता. बॅटरीने फक्त पुढे ढकलायचे होते. चार पंख्यांच्या ड्रोनला असा कोणाचाच आधार नाही. तो हवेत स्थिर उभा दिसतो, तेव्हाही त्याचे पंखे अखंड हवा खाली लोटत असतात. तसे केले नाही तर तो दगडासारखा पडेल. विमानाला पंख असतात, पक्षी तरंगू शकतो, बलूनला वायू उचलतो. ड्रोनला प्रत्येक क्षणाची किंमत बॅटरीतून मोजावी लागते.

९/
‘मग मोठी बॅटरी लावावी’ हा सर्वांना सुचणारा उपाय. इथेच हिशेब फसतो. स्थिर उभे राहण्यास लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते : वजन दुप्पट झाले, तर शक्ती दुप्पट नव्हे, सुमारे २.८ पट लागते. समजा, एका ड्रोनच्या एकूण वजनाचा एक तृतीयांश भाग बॅटरीचा आहे. बॅटरी दुप्पट केली, तर कागदावर उड्डाणकाळ दुप्पट न होता जेमतेम तीस टक्क्यांनी वाढतो. वाढीव वजनासाठी सांगाडा आणि मोटर बळकट केल्या, तर त्यातलाही काही भाग जातो. पुढे तर अशी सीमा येते की बॅटरी वाढवली तर काळ उलट घटू लागतो.

१०/
आता तो चौथ्या भागातला मुद्दा. पेट्रोलवर उडणारे विमान वाटेत हलके होत जाते. शेवटच्या टप्प्यात त्याला कमी शक्ती पुरते. ड्रोनची बॅटरी शंभर टक्के असो वा दहा, वजन तेच. उड्डाणाच्या अखेरीस थकलेली बॅटरी स्वतःचेच पूर्ण ओझे वाहत असते. १८८४ मध्ये ज्या गुणासाठी बॅटरी निवडली गेली, तोच पंखे थांबताच पडणाऱ्या यंत्रासाठी शाप ठरला.

११/
यामुळेच विसाव्या शतकाने बॅटरीकडे पाठ फिरवली. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते. इंजिनात तिचा बराच भाग उष्णतेत वाया गेला, तरी उरते ती त्या काळच्या कोणत्याही बॅटरीला लाजवणारी. १९०० मध्ये झेपेलिनची पहिली वायुनौका, १९०१ मध्ये सांतोस-द्युमों याचा आयफेल मनोऱ्याला वळसा, १९०३ मध्ये राइट बंधू : सगळे पेट्रोलवर. खुद्द क्रेब्सही पुढे पानार ए लव्हासोर या मोटार कंपनीचा प्रमुख झाला आणि पेट्रोल इंजिनांच्या सुधारणेत रमला. विजेवर उडून परत येणाऱ्या पहिल्या दोघांपैकी एकाने निवडलेली ही वाट पुरेशी बोलकी आहे.

१२/
विजेचा मोह मात्र सुटला नाही. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यासाठी पेट्रोत्सी, कारमान आणि झुरोव्हेत्स यांनी चार पंख्यांचे, जमिनीला दोरांनी बांधलेले एक यंत्र बनवले. शत्रूवर नजर ठेवण्यासाठी बलूनऐवजी ते वापरायचे होते. बॅटरीचा प्रश्न त्यांनी वेगळ्याच रीतीने सोडवला. वीज जमिनीवरून तारेने वर पाठवली. यंत्र उचलले गेले. पण थोड्याच चाचण्यांनंतर मोटर जळाली आणि पुढचे यंत्र पेट्रोल इंजिनांवर बांधण्यात आले.

१३/
बॅटरीने पुन्हा आकाश गाठले ते खेळण्यांच्या वाटेने. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे रेडिओवर नियंत्रित होणारे प्रतिकृती-विमान चांदी-जस्ताच्या बॅटरीवर उडवले. त्यानंतर फ्रेड मिलित्की या छांदिष्टाने विजेवरच्या प्रतिकृती लोकप्रिय केल्या आणि १९७३ च्या ऑक्टोबरात ऑस्ट्रियात माणूस नेणारे बॅटरीचे विमान उडाले. मिलित्कीच्या कल्पनेतून निघालेले हे ‘एमबी-ई१’ यंत्र निकेल-कॅडमियम बॅटरीवर दहा-बारा मिनिटे हवेत राहू शकत असे. ‘ला फ्रान्स’ला एकोणनव्वद वर्षे झाली होती आणि काळ निम्मा झाला होता, पण आता वर हायड्रोजनची पिशवी नव्हती.

१४/
निकेल-कॅडमियम बॅटरीने एक विचित्र वारसा मागे ठेवला. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांत ही बॅटरी दर प्रदक्षिणेत नेमकी तेवढीच उतरे आणि पुन्हा चढे. काही काळाने ती जणू तेवढीच क्षमता ‘लक्षात ठेवी’ आणि त्यापुढे तिचा दाब घसरे. यालाच स्मृती-परिणाम म्हणतात. त्यावर उपाय होता : अधूनमधून बॅटरी पूर्ण रिकामी करावी आणि मग चार्ज करावी. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हा सल्ला घराघरांत पोहोचला. बॅटरीचा प्रकार बदलला. सल्ला तसाच राहिला.

१५/
आज ड्रोनच्या कितीतरी बॅटऱ्या या जुन्या सल्ल्यामुळे अकाली मरतात. लिथियम बॅटरीला असा स्मृती-परिणाम जवळजवळ नाहीच. उलट, ती पूर्ण रिकामी करणे हाच तिच्यावरचा मोठा आघात. ड्रोनमधील एका सेलचा दाब पूर्ण चार्ज असताना साधारण ४.२ व्होल्ट असतो; तो ३ व्होल्टच्या खाली गेला, तर आतील रचनेला कायमची इजा होऊ लागते. आजोबांच्या रेडिओला, टॉर्चला मानवलेला नियम नातवाच्या ड्रोनला मारक ठरतो. ऐकीव माहिती कधी जन्मली हे ठाऊक नसले, की असे होते.

१६/
लिथियमची कथा सत्तरच्या दशकातील तेलसंकटात सुरू होते. अमेरिकेत एक्सॉन या तेल कंपनीच्याच प्रयोगशाळेत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातू आणि टायटॅनियम डायसल्फाइड यांची पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. लिथियम सर्वांत हलका धातू. म्हणून ओझे कमी, ऊर्जा अधिक. पण तो तितकाच तापट. प्रयोगशाळेत आगी लागल्या. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइड वापरून दाब जवळपास चार व्होल्टपर्यंत नेला. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातुरूप लिथियम वगळून कार्बनी पदार्थ वापरला आणि बॅटरी माणसाळली.

१७/
योशिनो यांनी बॅटरीवर लोखंडी वजन टाकून चाचणी घेतली. धातुरूप लिथियमची बॅटरी भडकली. नवी बॅटरी भडकली नाही. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली आणि २०१९ मध्ये तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीचा जन्म हातातील व्हिडिओ कॅमेऱ्यासारख्या उपकरणांसाठी झाला, उड्डाणासाठी नव्हे. कॅमेरा बॅटरीतून वीज हळूहळू घेतो. ड्रोन ती ओरबाडून घेतो. एका तासात जी ऊर्जा शांतपणे वापरायची, ती वीस मिनिटांत उपसली जाते. तक्रारींचे मूळ बहुधा इथेच सापडते.

१८/
शतकाच्या वळणावर चार गोष्टी एकत्र आल्या : पातळ पिशवीतील लिथियम-पॉलिमर बॅटरी, ब्रशविरहित हलक्या मोटरी, फोन आणि खेळांच्या उपकरणांमुळे स्वस्त झालेले तोल मोजणारे संवेदक, आणि छोटे संगणक. हौशी मंडळींनी तर व्हिडिओ गेमच्या रिमोटमधील संवेदक काढून आपल्या यंत्रांत बसवले. भारतात आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये ‘आयडियाफोर्ज’ सुरू केली. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये खिडकीबाहेर तरंगणारे चार पंख्यांचे यंत्र त्यांचेच होते.

१९/
पुढची प्रगती मिनिटांत मोजता येते. २०१० चा पॅरटचा एआर.ड्रोन सुमारे १२ मिनिटे. २०१३ च्या आरंभी आलेला डीजेआयचा पहिला फँटम त्याच पंगतीतला. त्याच वर्षअखेरच्या फँटम २ साठी कंपनीचा दावा २५ मिनिटांचा. २०१६ चा मॅव्हिक प्रो २७. २०२१ चा मॅव्हिक ३ तब्बल ४६. ही वाढ नुसती बॅटरीची नाही. हलका सांगाडा, मोठे व संथ फिरणारे पंखे, काटकसरी संगणक यांचीही आहे. आणि हे सारे आकडे एका अटीवर : वारा नाही, ड्रोन नवा, बॅटरी पार रिकामी होईपर्यंत उडवलेली. रनार-क्रेब्स यांनीही शांत हवेचाच दिवस निवडला होता.

२०/
म्हणून पहिले निदान : तक्रार खरी आहे की अपेक्षा चुकीची? खोक्यावर ३० मिनिटे असतील आणि परतीसाठी २० ते २५ टक्के शिल्लक ठेवून उतरले, तर बावीस-चोवीस मिनिटेच उरतात. त्यातून वारा, वेगाने पळवणे, वारंवार वर चढणे, पंख्यांभोवतीची जाळी यांची वजावट होते. अठरा-एकोणीस मिनिटे मिळत असतील, तर बहुधा काहीही बिघडलेले नाही. पूर्वी वीस मिळत होती आणि आता बारा मिळतात, तर मात्र शोध घ्यायला हवा.

२१/
शोधाची रीत सोपी आहे. वारा नसलेल्या सकाळी ड्रोन डोक्याच्या उंचीवर स्थिर उभा करावा आणि उतरण्याच्या ठरावीक टक्क्यापर्यंतचा काळ घड्याळाने मोजावा. मग दुसरी बॅटरी लावून तेच करावे. एकीचाच काळ कमी भरला, तर दोष बॅटरीत. दोन्हींचा सारखाच कमी भरला, तर संशय ड्रोनवर : कडा तुटलेला किंवा वाकलेला पंखा, धूळ शिरलेली मोटर, चुकीच्या मापाचे पंखे, वरून लावलेले ओझे. उतरल्यावर एखादी मोटर इतरांपेक्षा अधिक तापलेली असेल, तर उत्तर तिथेच आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर सुधारणा कशाने झाली हे कळत नाही.

२२/
दोष बॅटरीत निघाला, तर पुढचा प्रश्न : क्षमता घटली आहे की अंतर्गत रोध वाढला आहे? प्रत्येक चार्जसोबत बॅटरीत थोडा अडथळा साचत जातो. अशी बॅटरी जमिनीवर शंभर टक्के दाखवते. पण उड्डाण घेताच, जोराची मागणी येताच, तिचा दाब कोसळतो आणि इशारा वाजू लागतो. उतरवून थोडा वेळ ठेवली, की टक्के पुन्हा वर चढलेले दिसतात. हे म्हातारपणाचे लक्षण आहे. त्यावर औषध नाही. अशा बॅटरीला दूरच्या उड्डाणातून निवृत्त करावे.

२३/
दुसरे लक्षण सेलमधील विषमता. बॅटरीत तीन-चार सेल एकामागे एक साखळीने जोडलेले असतात, आणि सर्वांत दुबळा सेल साऱ्यांचा काळ ठरवतो. तीन सेल भरलेले असले, तरी चौथा खाली गेला की उड्डाण संपले. बहुतेक ॲपमध्ये प्रत्येक सेलचा दाब पाहता येतो. उड्डाणाच्या अखेरीस एक सेल इतरांपेक्षा सतत ठळकपणे मागे पडत असेल, तर रोगी सापडला. आणि बॅटरी फुगली असेल, तर चर्चाच नको : ती वापरू नये, टोचू नये, दाबू नये, ई-कचरा स्वीकारणाऱ्यांकडे द्यावी.

२४/
बॅटरी उडताना जितकी झिजते, तितकीच कपाटातही झिजू शकते. पूर्ण चार्ज करून महिनाभर ठेवलेली बॅटरी, विशेषतः विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत, आतून विघटित होत राहते. साठवण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान, थंड व कोरड्या जागी असावी. काही ‘स्मार्ट’ बॅटऱ्या काही दिवसांनी स्वतःच उतरून या पातळीवर येतात. मालकाला वाटते बॅटरी गळते आहे. प्रत्यक्षात ती स्वतःचा जीव वाचवत असते. उड्डाणाच्या सकाळी पुन्हा चार्ज करणे, एवढाच त्यावर उपाय.

२५/
काही वेळा दोष रसायनात नसतोच. ऑक्टोबर २०१६ मध्ये गोप्रो कंपनीने ‘कर्मा’ ड्रोन विक्रीस आणला. उडता उडता काही ड्रोनची वीज अचानक जाऊ लागली आणि दोनच आठवड्यांत कंपनीने सुमारे अडीच हजार ड्रोन परत मागवले. कारण निघाले बॅटरी जागेवर धरून ठेवणाऱ्या खिट्टीचे : कंपनाने बॅटरी किंचित सरकत होती. बॅटरी चांगली, मोटर चांगली, घात केला तो एका खिट्टीने. जोडणीची टोके स्वच्छ आहेत का आणि बॅटरी ‘टक्’ आवाज करून बसली का, हे आधी पाहावे, ते यासाठीच.

२६/
थंडीची कथा सर्वांत दूरची आहे. १९ एप्रिल २०२१ रोजी नासाच्या ‘इन्जेन्युइटी’ने मंगळावर ३९ सेकंदांचे उड्डाण केले. दुसऱ्या ग्रहावरील शक्तीवर चालणारे ते पहिले नियंत्रित उड्डाण. या यंत्राचे मुख्य अभियंते भारतात वाढलेले, आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले बॉब बलराम. आत होते बाजारात मिळणाऱ्या प्रकारचेच सहा लिथियम-आयन सेल, आणि सौरपट्टीखाली राइट बंधूंच्या विमानाच्या कापडाचा लहानसा तुकडा. रात्री उणे ८०-९० अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत बॅटरी जिवंत ठेवण्यासाठीच ऊर्जेचा मोठा वाटा खर्च होई. उडण्यासाठी उरे तो थोडका.

२७/
मे २०२२ मध्ये, मंगळावर हिवाळा लागला आणि हवेत धूळ वाढली, तेव्हा बॅटरी रात्रभर पुरेना. एका रात्री ती इतकी उतरली की यंत्राचे घड्याळच बंद पडून चुकले आणि सकाळी त्याचा संपर्क तुटला. अभियंत्यांनी धीराने ते पुन्हा शोधले आणि ऊर्जा वाचवण्यासाठी बॅटरी तापवण्याची मर्यादा उणे १५ वरून उणे ४० अंशांवर आणली. केवळ पाच चाचणी-उड्डाणांसाठी बनलेले हे यंत्र जानेवारी २०२४ पर्यंत ७२ वेळा उडाले. महाबळेश्वरच्या डिसेंबरातील पहाट मंगळासारखी नसते. पण नियम तोच. थंडीत रसायन मंदावते. बॅटरी अंगाशी उबदार ठेवावी, आणि पहिले मिनिटभर ड्रोन जवळच स्थिर ठेवून मगच दूर न्यावा.

२८/
शेवटी वारा, म्हणजे पुन्हा जिफार. समजा, ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि वारा सेकंदाला ५ मीटर. वाऱ्याच्या दिशेने ९०० मीटर जायला एक मिनिट लागते. तेच अंतर वाऱ्यासमोर परत यायला तीन मिनिटे. सह्याद्रीच्या कड्यावरून दरीकडे सोडलेला ड्रोन याच फसव्या सहजतेने दूर जातो. पडद्यावर ६० टक्के दिसतात, मन निश्चिंत असते. परतीच्या वाटेवर टक्के झरझर उतरतात. म्हणून जाताना वाऱ्यासमोर जावे आणि येताना वाऱ्यासोबत यावे. वर चढला की वारा वाढतो, हेही विसरू नये.

२९/
आज महाराष्ट्रातील गावठाणांची मोजणी ड्रोनने होते, पिकांवर फवारणी होते, लग्नांचे चित्रीकरण होते. या प्रत्येक ठिकाणी काम कोणत्या तुकड्यांत वाटायचे, किती बॅटऱ्या सोबत न्यायच्या, कुठे थांबायचे, हे बॅटरीच ठरवते. अकाली संपलेली बॅटरी म्हणजे नुसती गैरसोय नव्हे. खाली माणसे असतात, आणि पंखे थांबलेला ड्रोन हजारो रुपयांचे यंत्र न राहता वरून पडणारे वजन होतो.

३०/
उड्डाणाच्या इतिहासात किती उंच, किती वेगाने, किती दूर, याचीच नोंद ठळक होते. ‘ला फ्रान्स’चे मोठेपण मात्र यांपैकी कशातही नव्हते. जिफार तिच्याहून तिप्पट दूर गेला होता. तिचे मोठेपण एवढेच की ती निघाल्या जागी परत आली. बॅटरीवर उडणाऱ्या प्रत्येक यंत्राची खरी कसोटी आजही तीच आहे. खोक्यावरचा आकडा ड्रोन किती वेळ हवेत राहील ते सांगतो. किती मिनिटांनी वळायचे, ते ज्याच्या हाती रिमोट आहे त्यालाच ठरवावे लागते.

(धागा समाप्त)